डॉलर ते स्टारच्या मधलं

२००१ सालची गोष्ट. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट घेतला होता, तालुक्यातल्या विहिरींच्या जागा जीपीएसने नोंदवायचा. वर्षभर आधी, मे २००० मध्ये, अमेरिकेने नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली होती, म्हणून तर असला प्रोजेक्ट सुचला. त्याआधी शंभरेक मीटरचा घोळ व्हायचा. एवढ्यात आमच्याकडे दोन वस्त्या बसतात.

उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा सांगणारा जीपीएस रिसीव्हर उसना मिळाला. लॅपटॉप मामाचा, डॉसवाला (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांची सिस्टिम), आणि त्यात प्रोग्राम लिहायला एकच गोष्ट होती: जीडब्ल्यू-बेसिक ही जुनी, साधी भाषा. ओळींना १०, २०, ३० असे नंबर द्यायचे, मधे काही राहिलं तर १५ घालायचं. रिसीव्हर लॅपटॉपला जोडणारी केबल तीनच तारांची असल्यामुळे पोर्ट (केबल लावायची जागा) उघडताच ‘डिव्हाइस टाइमआउट’, म्हणजे समोरून उत्तर नाही असा एरर, यायचा. पोर्ट उघडणाऱ्या ‘ओपन’च्या ओळीत सीएस आणि डीएस, म्हणजे नसलेल्या तारांची वाट पाहू नको असं सांगणारे पर्याय, जोडल्यावर तो गेला. खरी मारामारी पुढे होती.

रिसीव्हर ४८०० बॉडने (म्हणजे सेकंदाला ४८०० बिट) एनएमईए या ठरलेल्या साच्यातल्या ओळी पाठवतो. ओळ डॉलरने सुरू होते, मधे स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती, शेवटी स्टार आणि त्यानंतर दोन हेक्स आकडे (सोळाच्या पद्धतीतले, नऊनंतर ए ते एफ). ते दोन आकडे म्हणजे चेकसम, ओळ वाटेत बिघडली का हे ताडून पाहायचा आकडा. डॉलर आणि स्टारच्या मधल्या प्रत्येक अक्षराचा आस्की क्रमांक (संगणकातला ठरलेला आकडा) घ्यायचा आणि एकापाठोपाठ एक एक्सऑर करत जायचं, म्हणजे दोन आकड्यांचे शून्य-एकचे बिट जुळवून सारखे तिथे शून्य, वेगळे तिथे एक; डॉलर आणि स्टार स्वतः धरायचे नाहीत. आधी वहीत करून पाहिलं. जी ७१, पी ८०, दोघांचं एक्सऑर २३. पुन्हा जी आला की ८०, परत जी आला की २३, मग ए म्हणजे ६५, झाले ८६. ‘जीपीजीजीए’ हे ओळीच्या सुरुवातीचं नाव हाताने जमलं म्हणजे प्रोग्राम पाच मिनिटांचा, असं वाटलं. बेसिकमध्ये अक्षराचा क्रमांक देणारं एएससी आहे, मधलं अक्षर काढणारं मिड आहे, एक्सऑरही तयार आहे.

प्रोग्राम चालवला. चेकसम शून्य. पुढची ओळ, शून्य. दहा ओळी, दहा शून्यं.

वाचलेली ओळ स्क्रीनवर छापली तेव्हा उजेड पडला. मी ओळ वाचायला साधं ‘इनपुट’ वापरलं होतं, आणि इनपुटला स्वल्पविराम दिसला की ते तिथेच थांबतं. हातात पूर्ण ओळीऐवजी एकेक तुकडा येत होता, पहिला नुसता ‘जीपीजीजीए’. त्यात स्टार नाही, म्हणून अक्षर कितव्या जागी आहे ते सांगणारं इनस्टर शून्य देत होतं, आणि एक्सऑर करणारं फॉरचं चक्र २ पासून उणे १ पर्यंत जायचं म्हणून फिरतच नव्हतं. चूक एका शब्दाची. लाइन इनपुट केलं, पूर्ण ओळ आली.

आता आकडे येऊ लागले, पण सगळे चुकीचे. रिसीव्हर म्हणे ४७, माझं ६३. तो म्हणे ५ए, माझं ७ई. रात्री दीडपर्यंत बसलो. मामा पाणी प्यायला उठला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, “अरे, त्या डॉलरच्या मागं का लागलायस? झोप की!” तो चेष्टेनं बोलला, पण तेवढ्यावरून डोक्यात आलं की रिसीव्हरचा आणि माझा आकडा आपसातच एक्सऑर करून पाहू. ४७ आणि ६३, उत्तर हेक्समध्ये २४. ५ए आणि ७ई, पुन्हा २४. म्हणजे ३६. आणि ३६ हा डॉलरचाच आस्की क्रमांक!

डॉलर आत शिरला कसा, मी तर दुसऱ्या अक्षरापासून सुरुवात करत होतो? तर रिसीव्हर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड अशी न दिसणाऱ्या दोन अक्षरांची जोडी पाठवतो. बेसिक कॅरेज रिटर्नवर ओळ तोडत होतं आणि उरलेलं लाइनफीड पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसत होतं. त्यामुळे डॉलर दुसऱ्या जागी. ओपनमध्ये एलएफ (लाइनफीड सोडून दे) लिहिलं की हे मिटतं, पण मी शिवाय इनस्टरने डॉलर शोधून त्याच्या पुढून मोजायला लागलो. उघडल्यावरची पहिली ओळ बहुतेकदा अर्धीच मिळते, तिचाही त्यामुळे बंदोबस्त झाला.

एवढं करूनही मधूनच एखादी ओळ नापास व्हायची. साधारण सोळातली एक. नापास ओळी वेगळ्या छापल्या तर सगळ्यांच्या चेकसमची सुरुवात शून्याने: ०ए, ०३, ०एफ. हेक्सचं फंक्शन पुढचं शून्य देतच नाही, १० ला नुसतं ‘ए’ लिहितं. आधी शून्य चिकटवून उजवीकडची दोन अक्षरं घेतली, प्रश्न संपला.

हा चेकसम तसा भोळाच. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी त्याला पत्ता लागत नाही, कारण एक्सऑरला क्रम कळत नाही. सीआरसी, म्हणजे क्रमही धरणारी कडक तपासणी, करावी असं वाटलं होतं, पण रिसीव्हर जे पाठवतो तेच तपासायचं, आपली हौस तिथे चालत नाही.

मग जीपमधून फिरलो. पहिल्याच दिवशी तीन ओळी नापास झाल्या. त्यातल्या एकीत माझा आकडा आणि रिसीव्हरचा आकडा यांत फक्त २ चा फरक होता. अक्षांश होता १८१२ पासून सुरू होणारा, तर आधीच्या आणि नंतरच्या ओळींत १८३२, म्हणजे १८ अंश ३२ मिनिटं. ‘३’ चा एक बिट पडून ‘१’ झाला होता. वीस मिनिटांचा फरक, म्हणजे विहीर सदतीसेक किलोमीटर दक्षिणेला गेली असती.

संध्याकाळी केबलच्या कनेक्टरचे दोन्ही स्क्रू पाहिले. एक पूर्ण सुटलेला होता, दुसरा कुठे पडला कोण जाणे. मामाने टूलबॉक्समधून एक शोधून दिला.