मिशिगनचं मीठ आणि गाडीतला पेट्रोलचा वास

इथे अमेरिकेत गाडीला काय झालंय हे नुसतं सांगायचे पैसे पडतात. दुरुस्तीचे वेगळे. डायग्नोस्टिक फी म्हणतात, आणि वर लेबर तासाला शंभर डॉलरच्या पुढे. मला याचा राग येतो आणि इतकी वर्षं राहूनही तो कमी होत नाही, कारण रत्नागिरीत आमचा मेकॅनिक गाडी गेटातून आत येतानाच आवाज ऐकून सांगायचा काय गेलंय ते, आणि चहा पाजायचा.

तर झालं असं की बर्फ वितळायच्या सुमारास आमच्या गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला. रोज नाही. टाकी फुल केली की एक-दोन दिवस यायचा, अर्ध्यावर आली की गायब. एका वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी कॉम्प्युटर लावला, बिघाडाचा कोड काही येत नाही म्हणाले, आणि तरी चारकोल कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा), पर्ज व्हॉल्व्ह (ती वाफ इंजिनात सोडणारी झडप), टाकीचं झाकण सगळंच बदला असा कागद हातात दिला. आकडा चार अंकी. कशावरून विचारलं तर म्हणे बहुतेक त्यातलंच काहीतरी असेल. गाडीखाली वाकून कोणी बघितलंसुद्धा नाही हो! फी मात्र घेतली.

मग शेजारचे आजोबा आले. डेट्रॉईटच्या एका कार प्लांटमधून रिटायर झालेत, ड्राइव्हवेवर आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं आणि न विचारता टॉर्च घेऊन आले. त्यांनी गाडीला हातही लावायच्या आधी सांगितलं की दुरुस्त होईपर्यंत ही गाडी घराच्या गॅरेजमध्ये ठेवायची नाही, बाहेर उभी करा, आत्ताच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खाली उतरत जाते, आणि इथे गॅरेज घराला चिकटून, बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे घर गरम करायची भट्टी, आणि गॅसचा गीझर. गॅरेजमध्ये गीझर बसवायचा तर त्याची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर हवी हा नियम आहे तो याच्यासाठीच. उणे ४० डिग्रीलासुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं म्हणाले. माझी मुलं त्या गॅरेजच्या वरच्या खोलीत झोपतात. पैसे घेऊन कागद देणाऱ्यांपैकी एकानेही हे मला सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी शोधायला सुरुवात केली आणि ते बघण्यासारखं होतं. इंजिन गार. आधी बॉनेट उघडून इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांच्या, आजूबाजूला वास, नाही. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का ते, कारण इंजेक्टर आतून गळत असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, तेही नाही. मागची सीट उचलून टाकीतल्या पेट्रोल पंपाचं झाकण, त्याखालची रबराची रिंग कडक होऊन चिरते, ती पण कोरडी. मग उजवीकडचं मागचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं लायनर सोडवलं, आणि झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा लोखंडी पाइप दिसला. वरून बरा होता. क्लॅम्पच्या खाली, जिथे चिखल साचून राहतो, तिथे पापुद्रे सुटलेले, आजोबांनी नखाने एक पापुद्रा उचलला तर खाली टाचणीएवढी भोकं आणि भोवती ओलसर काळा डाग. टाकी फुल असली की तिथवर पेट्रोल, म्हणून वास. अर्धी झाली की कमी.

कारण मीठ. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉईट शहराच्या खालीच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही. गंज काय असतो हे मला कोणी शिकवायला नको, मी समुद्राकाठची आहे, पण आमच्याकडचा खारा वारा दरवाजाच्या कडा खातो, हे पोटाखालून खातं, दिसत नाही.

आणि मिशिगनमध्ये खाजगी गाडी तपासायला दरवर्षी कुठेच न्यावी लागत नाही! वाढदिवसाच्या आसपास पैसे भरायचे, नंबरप्लेटचा स्टिकर घरी येतो, गाडी कोणी बघत नाही. आपल्याकडे पीयूसी आहे, १५ वर्षं झाली की आरटीओत पास करून घ्यावी लागते. पीयूसीत ही गळती सापडली नसती हे मान्य, ते सायलेन्सरचा धूर मोजतात. पण निदान दारात कोणीतरी उभं असतं. आपल्या लोकांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दादा फोनवर म्हणाला की अमेरिकेत राहून एवढी जुनी गाडी कशाला चालवता. चालवतो, कारण इंजिन उत्तम आहे, हप्ता नाही, आणि नवी घेतली तरी मीठ तिलाही लागणारच.

पाइप पार्ट्सच्या दुकानात मिळाला. हे मात्र इथलं मला मनापासून आवडतं, डिपॉझिट ठेवलं की हत्यारं उसनी देतात आणि परत केली की पूर्ण पैसे परत, आणि साधा कोड फुकट वाचून देतात. टाकी पावच्या खाली आल्यावर शनिवारी नवरा आणि आजोबा दोघांनी उघड्यावर पाइप बदलला. एक बोल्ट गंजून बसला होता, नवरा ग्राइंडर आणायला निघाला तर आजोबांनी हात धरला, ठिणगी नको. तेल मारून, वाट बघून, हळूहळू फिरवून काढला. पैसे घेतले नाहीत त्यांनी.

मजा म्हणजे चेक इंजिनचा दिवा पाइप बदलायच्या आदल्या दिवशी लागला, पी ०४५५, मोठी गळती. आजोबा म्हणाले बऱ्याच गाड्या गळतीची ही तपासणी आपणहून, टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच करतात, आणि तीही इंजिन रात्रभर गार झालेलं असेल तर. आम्ही नेली तेव्हा टाकी काठोकाठ होती, म्हणून कोड नव्हता. दिवा नाही म्हणजे गळती नाही असं नसतं.

मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क जिथे मीठ पडतं तिथल्या आपल्या मंडळींनी एप्रिलमध्ये गाडी खालून धुवून घ्या आणि चाकामागचा तो पाइप एकदा बघाच. आणि पेट्रोल भरताना पंप खटकन बंद झाला की तिथेच थांबा, राउंड फिगर करायला जाऊ नका, जास्तीचं पेट्रोल चारकोल कॅनिस्टरमध्ये जातं आणि मग तो खरंच बदलावा लागतो.