नार्वेचा ठिपका नॉर्वेच्या समुद्रात

घरोघरी इंटरनेटची केबल नेणाऱ्या एका कंत्राटदाराची यादी आमच्याकडे आली होती. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे १८६ ग्राहक, प्रत्येकाच्या नावापुढे अक्षांश आणि रेखांश. तक्रार नोंदली गेली की सर्वांत जवळचा दुरुस्ती कामगार संगणकाने आपोआप निवडायचा, अशी व्यवस्था. निवड होत होती, पण निवडलेला माणूस मांडवी नदीच्या भलत्याच काठावर जाऊन उभा राहत होता. सकाळी साडेनऊला यादी नकाशावर उतरवली तेव्हा बरेच ठिपके नदीत आणि खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या सखल शेतांत, पडलेले दिसले.

अशा वेळी एकेक ठिपका उचलून घरावर ठेवायचा मोह होतो. तसे करू नये. आधी चुका कशा पडल्या आहेत ते पाहावे, कारण प्रत्येक कारणाची चूक वेगळ्या चालीने चालते.

भारताबाहेरचे ठिपके सर्वांत सोपे. चार जणांचे आकडे उलटे भरले होते. फोनवरून उचललेल्या जोडीत अक्षांश आधी येतो, तर जिओजेसनसारख्या नकाशाच्या फाइलीत रेखांश आधी लिहायचा असतो. मधल्या कुणी तरी रकाने जसेच्या तसे चिकटवले. १५.५ उत्तर, ७३.९ पूर्व हे उलटले की ७३.९ उत्तर, १५.५ पूर्व होते, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार यांच्यामधला समुद्र. त्या चौघांतला एक ग्राहक बेटावरच्या नार्वे गावचा निघाला, त्यामुळे दुपारपर्यंत चेष्टेला विषय मिळाला. दोन घरांचे रिकामे रकाने संगणकाने शून्य धरले होते. ती घरे आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात. पाच घरे वास्कोच्या पश्चिमेला भर समुद्रात होती. तिथे १५ अंश ३१ मिनिटे ४५ सेकंद हे १५.३१४५ असे लिहिले होते. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज केली की १५.५२९२ येते. एवढ्या चुकीने घर सुमारे २४ किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि रेखांशातही तेच केले असेल तर ३९ किलोमीटर पश्चिमेला.

खरा वेळ ३८ ठिपक्यांनी खाल्ला. ते सगळे बेटाच्या जवळपासच होते, म्हणून प्रथमदर्शनी शंका येत नव्हती. बेटावरच्या पिएदाद गावाच्या टेकडीवरचे चर्च आणि फेरीचा धक्का अशा ठाम खुणा धरून यादीतल्या जागेपासून खऱ्या जागेपर्यंत बाण काढले. सगळे बाण एकाच दिशेचे, वायव्येकडे, आणि लांबी सारखीच: साधारण दीडशे मीटर. फोनची चूक अशी शिस्तीत नसते. हे आकडे जुन्या मोजणीच्या कागदावरून उचललेले होते. भारतातली जुनी मोजणी पृथ्वीचा जो आकार धरते तो एव्हरेस्ट १८३०. जीपीएस धरते तो डब्ल्यूजीएस ८४. दोन्हींच्या विषुववृत्तावरच्या त्रिज्येत सुमारे ८६० मीटरचा फरक आहे आणि त्यांचे केंद्रबिंदूही एका जागी नाहीत. म्हणून तोच अक्षांश-रेखांश दोन वेगळ्या जागा दाखवतो.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर दोन आज्ञा आहेत आणि लोक नेमक्या तिथेच घसरतात. एक आज्ञा सॉफ्टवेअरला सांगते की हे आकडे कोणत्या पद्धतीतले आहेत; ती आकडे बदलत नाही. दुसरी आकड्यांचे रूपांतर करून नवी फाइल देते. आधी पहिली, मग दुसरी. फक्त पहिलीच वापरून ‘हे डब्ल्यूजीएस ८४ आहे’ असे ठोकून दिले तर चुकीवर शिक्का बसतो. सगळे ठिपके माउसने ओढून बसवले तर नकाशा दिसतो बरोबर, पण पुढच्या महिन्यात त्याच कागदावरून नवी घरे येतात आणि पुन्हा खाजनात पडतात.

जाता जाता केबलच्या लांबीचेही सांगतो. वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीचे असतात; ती विषुववृत्तापासून दूर अंतरे ताणते. गोव्याच्या अक्षांशावर त्याच्या थेट एककात मोजले तर लांबी सुमारे ३.८ टक्के जास्त येते. एक किलोमीटर केबलीमागे ३८ मीटर कागदावर वाढतात आणि बिल मीटरवर निघते! लांबी मोजायची तर फाइल आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात आणावी. सगळा गोवा त्यात बसतो.

उरलेल्यांतले २२ ठिपके सहाव्या दशांशापर्यंत एकाच बिंदूवर रचलेले होते. एवढी घरे एका बिंदूवर नसतात. संगणकाला पत्ता सापडला नाही की तो गावाचा मध्य देतो. आणि गावही चुकले होते. पत्ता नावेलीचा, पण यंत्राने निवडलेली नावेली मडगावजवळची, सासष्टी तालुक्यातली. दिवाडीवरची नावेली तिथून सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास. शोधयंत्र मोठ्या वस्तीला झुकते माप देते. त्यात रोमी लिपीतली पोर्तुगीज वळणाची नावे वेगळी: आम्ही दिवाडी म्हणतो ते तिथे ‘दिवार’, डिचोली ते ‘बिचोलिम’. देवनागरी नावावरून अक्षरांतर करून शोधले तर यंत्राच्या हाती काहीच लागत नाही. नार्वे तर नदीच्या दोन्ही काठांवर आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ दिवाडीवरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव पलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवळाला जाणाऱ्याचा दोन काठांत घोटाळा होत नाही. यंत्राला मात्र तालुका वेगळ्या रकान्यात द्यावाच लागतो.

एवढे करून बहुतेक ठिपके घरांवर आले, तरी माणसे चुकीचीच निवडली जात होती. कारण आकड्यांत नव्हतेच. प्रणाली अंतर मोजत होती ते सरळ रेषेत. बेटाच्या दक्षिण काठावरच्या घराला जुन्या गोव्याच्या धक्क्याजवळचा कामगार ७०० मीटरवर, तर बेटावरच पिएदादच्या पलीकडे असलेला दोन किलोमीटरवर. संगणक पहिल्याला पाठवणार. पण दिवाडीला पूल नाही, फेरी आहे, आणि सरळ रेषेला फेरीची वाट पाहावी लागत नाही.

रस्त्यांच्या जाळ्यावरून मोजणी लावली तेव्हा पहिल्या खेपेला बेट पोहोचण्यापलीकडे गेले. फेरीची रेघ नकाशात होती, पण तिचे टोक धक्क्यावरच्या रस्त्याच्या बिंदूला जोडलेलेच नव्हते. डोळ्यांना दोन्ही चिकटलेले दिसतात. जाळ्याच्या हिशेबात दोन मीटरची फट म्हणजे अथांग दरी. ते टोक जोडले, मग फेरीला वेळ दिला. नुसता पार होण्याचा वेळ देऊन भागत नाही. फेरी दर अर्ध्या तासाने असेल तर सरासरी १५ मिनिटे वाट पाहणे त्यात धरावे लागते. शेवटची फेरी गेल्यानंतर ती कडी बंद करावी लागते. मग पणजीपासून पाऊण तासात कुठवर पोहोचता येते याची कड काढून पाहिली. दिवसा तिने बेटाचा दक्षिण भाग पोटात घेतला, रात्री बेट जणू नकाशातूनच पुसले गेले. कंत्राटदाराच्या माणसांना हे माहीत होते. त्यांच्या पडद्याला माहीत नव्हते, आणि हुकूम पडद्याचा चालत होता.

दुपारी बेटावर पडताळणी. तिथे आणखी एक रस्ता निघाला, जो रस्ताच नव्हता. उपग्रहाच्या चित्रावरून कुणी तरी खाजनाचा बांध रस्ता म्हणून गिरवला होता. वरून तो सरळ, मातकट आणि मानशीपर्यंत, म्हणजे पाणी अडवायच्या दारापर्यंत, अखंड दिसतो. प्रत्यक्षात एका माणसाने सांभाळून चालण्याइतका रुंद. त्यावरून दुचाकी पाठवणारा मार्ग त्याच दिवशी काढून टाकला.

घरांची नवी नोंद घेताना बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, उभे राहायचे नाही, अंगणात मोकळ्या आभाळाखाली यायचे. कौले, भिंती आणि दाट माड यांमुळे फोनची जागा सरकते. अचूकतेचे वर्तुळ १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचे आणि पाच दशांश लिहायचे. पाचवा दशांश साधारण एका मीटरचा, तिसरा शंभरावर मीटरचा. ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले ठिकाण घर म्हणून धरायचे नाही; ते तो पाठवताना जिथे होता तिथले असते, आणि त्या यादीतले तीन जण फेरीच्या धक्क्यावर उभे होते. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला दहा अक्षरी डिजिपिनही भरून घेतला. तो सुमारे चार मीटरचा चौकोन नेमका सांगतो, पण तिथे कोणत्या धक्क्यावरून जायचे ते नाही. म्हणून यादीत ‘काठ’ नावाचा रकाना घातला आणि आधी त्याच काठावरचा माणूस शोधायचा असा नियम लावला.

संध्याकाळी पाच घरे उरली. दारे बंद, शेजारी कुणी नाही. वाड्याचे नाव, खुरसापासून (क्रुसापासून) कितवे घर, विहीर कुठल्या हाताला एवढेच मिळाले, ते शब्दांत लिहिले. अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे ठेवले आणि तिथे शून्य जाणार नाही अशी अट फाइलीत घालून मग ती पाठवली.