पंप चांगला होता

त्या गाडीतला टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप चांगला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या धंद्यात टर्बो बदललेली गाडी वरच्या आरपीएमला अडखळली की पहिला बळी पंपाचाच जातो. २५५ चा आहे? ३४० चा टाका. ३४० चा आहे? मग ४५० चा. डब्यावरचा आकडा ताशी लिटरचा असतो, पण तो किती प्रेशरला आणि किती व्होल्टला मोजलाय हे बघायची तसदी फारसं कुणी घेत नाही.

हा मालक ४५० चा नवाकोरा पंप हातात घेऊनच आला. गाडी रोजच्या वापरातली. टर्बो बदललेला, बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो तो हवेचा जादा दाब) १.२ बार, मोठे इंजेक्टर, आफ्टरमार्केट ईसीयू म्हणजे इंजिनाचा बाहेरून घेतलेला कॉम्प्युटर, आणि टाकीत आधीच २५५ चा पंप. तक्रार अशी, की रात्री लांब चढावर पाय पूर्ण दाबला की ५५०० च्या पुढे गाडी गुदमरते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याची खडखड, ऐकू येतं. दिवसा काही नाही. ज्याने ट्यून केली त्यानेच मोठा पंप टाकायला सांगितलेलं. "दादा, तुम्ही फक्त हा बसवून द्या."

रात्रीच होतं म्हटल्यावर मी डबा बाजूला ठेवला. रात्री पेट्रोल बदलत नाही, बॅटरीवरचा लोड बदलतो.

इंजेक्टर पेट्रोल सोडतो ते मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या दाबाविरुद्ध. म्हणून रेग्युलेटर बूस्टसोबत रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर बारला बार चढवतो. बेस ३ बार असेल तर १.२ बार बूस्टला रेलवर ४.२ हवं. फरक कायम ३ चा राहिला तरच मॅपमधल्या, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं हे सांगणाऱ्या ईसीयूतल्या तक्त्यामधल्या, आकड्यांना अर्थ असतो. आणि नेमकं याच वेळी, प्रेशर सगळ्यात जास्त असताना, पंपाची मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. इथे वायरिंगची परीक्षा होते. कंपनीची वायर कंपनीच्या छोट्या पंपासाठी असते. तिच्यावर दहा अ‍ॅम्पिअर टाकले की ती वाटेतच व्होल्टेज खाते, मोटर हळू फिरते आणि पेट्रोल कमी पडतं.

रेग्युलेटरच्या गेज पोर्टवर प्रेशर सेन्सर लावला, पंपाच्या प्लगमध्ये मागून मल्टीमीटरच्या पिना सारल्या, वायर मागच्या दारातून बाहेर काढल्या आणि गाडी डायनोवर, म्हणजे जागेवरच चाकं फिरवून पॉवर मोजणाऱ्या रोलरवर, बांधली. व्हॅक्यूमची नळी काढून बेस तपासला, बरोबर ३ बार. पूर्ण लोडला ६००० वर बॅटरीजवळ १३.८ व्होल्ट आणि पंपाजवळ १०.९. रेलचं प्रेशर ३.५. मग हेडलाइट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचे पंखे, सगळं चालू करून तीच रन पुन्हा घेतली. प्रेशर ३.२. वाइडबँड, म्हणजे एका भाग पेट्रोलला किती भाग हवा जळतेय ते सांगणारा एक्झॉस्टमधला सेन्सर, आधीच्या रनला ११.७ दाखवत होता, तो आता १२.६ वर गेला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आणि नॉकचा सिग्नल उसळला. मी लगेच पाय काढला. मालक शेजारी उभा राहून स्क्रीन बघत होता. हातात बिलं घेऊन वाद घालण्यापेक्षा हे बरं.

२.९ व्होल्ट कुठे गेले ते शोधणं हा माझ्या आवडीचा भाग. पॉझिटिव्ह बाजूला १.७ आणि अर्थला १.२. अर्थ कुणीच तपासत नाही. इथे बोल्टखाली बॉडीचा रंग तसाच होता, आणि नवी वायर त्या रंगावरच आवळलेली. दहा अ‍ॅम्पिअरला २.९ व्होल्ट म्हणजे जवळपास तीस वॅट, एका छोट्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता. ती सगळी वायरिंगमध्येच वाया जात होती.

टाकी उघडण्याआधी बाहेरच्यांना माहीत नसलेली एक गोष्ट: इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढायचा आणि गाडी आपोआप बंद पडू द्यायची. मगच लाइनमधलं प्रेशर उतरतं. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काढायची, दारं उघडी, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी.

झाकण वर आलं तेव्हा प्लगची एक पिन काळी पडली होती आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक ओघळून पुन्हा घट्ट झालं होतं. खाली पंपापासून झाकणापर्यंतचा पाइप साधा फ्युएल पाइप होता. हा पाइप आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही. टाकीत तो दोन्हीकडून भिजतो. त्याचं बाहेरचं रबर फुगून बोटाला चिकटत होतं आणि क्लिपने त्यात चर पाडली होती. पेट्रोलमध्ये बुडवायचा पाइप वेगळा येतो, महाग येतो, आणि लोक तिथेच पैसे वाचवतात. प्रेशर चढलं की त्या चरीतून पेट्रोल परत टाकीतच उडत असणार. खाली थेंब पडत नाही, वास येत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

पंप मात्र ठणठणीत. जाळीही स्वच्छ.

मग बॅटरीपासून चार स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), आणि जुनी पंपाची वायर फक्त रिले ओढायला. बॉडी घासून पत्रा उघडा केला आणि अर्थ तिथे घेतला. झाकणात जास्त करंटचा नवा प्लग, टाकीत योग्य पाइप. ४५० चा पंप याच वायरिंगवर बसवला असता तर त्याने आणखी करंट ओढून ती पिन पार वितळवली असती. शिवाय या गाडीची रिटर्न लाइन, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी, बारीक आहे. आयडलला एवढं पेट्रोल परत जायला वाट मिळाली नसती, बेस प्रेशर वर चढलं असतं आणि टाकी नुसती तापत राहिली असती.

पुन्हा डायनो. पंपाजवळ १३.५, रेलवर सपाट ४.२, लाइट लावा नाहीतर पंखे. आणि गाडीने काळा धूर सोडला. वाइडबँड १०.३. पॉवर आधीपेक्षा कमी.

मालकाचा चेहरा पडला. मला मात्र तिथेच खरी गोष्ट दिसली. मॅप उघडला. ४५०० पासून पुढे फ्युएलच्या रकान्यात वाढ केलेली होती. आधी तीन टक्के, मग सहा, मग नऊ, ६००० ला तेरा. बरोबर जिथे प्रेशर खाली बसत होतं तिथेच, आणि तेवढीच. ही वाढ आपोआप होत नाही. कुणीतरी डायनोवर बसून, मिश्रण लीन जातंय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हे बघून, एकेक खाना हाताने वाढवला होता. पेट्रोल का कमी पडतंय हे न विचारता इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवला, आणि आकडा छान आला. ती वाढ काढली, ११.६ ला आणली, आणि २५५ च्याच पंपावर गाडी शेवटपर्यंत स्वच्छ ओढली.

हेच अजून डोक्यातून जात नाही. वायरिंग वाईट असणं मी समजू शकतो, चुकीचा पाइपही. पण आजार दिसत असताना त्याच्यावर मॅपचं पांघरूण घालणं? पिस्टन वितळला असता तर तोच माणूस म्हणाला असता, पेट्रोल खराब होतं.

मी त्या ट्यून करणाऱ्याला फोन केला. भांडायला नाही, विचारायला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, वाइडबँडवर अकरा-सात येत होतं ना. मग मी अजून काय करायचं होतं?" खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या डायनोवर, दिवसा, लाइट बंद ठेवून, अकरा-सातच येत असणार.

मी विचारलं, रेलचं प्रेशर किती होतं? म्हणाला, या गाडीला सेन्सर नव्हता. सेन्सर नव्हता हे खरं आहे. पण रेग्युलेटरला गेज पोर्ट होता, आणि त्यातला प्लग मी काढला तेव्हा त्याच्यावर पान्याचा एक ओरखडासुद्धा नव्हता.