आमची वाटचाल: आधी प्लॅन, मग कोड

ग्राहकांसाठी क्लाउडवर मशीन उभी करून देणं, एवढंच काम घेऊन आमची फर्म सुरू झाली. तेव्हा सगळं कन्सोलमध्ये माउसनं व्हायचं. मग बॅश स्क्रिप्ट, म्हणजे आदेशांच्या फाइल आल्या. पण आधी काय उभं आहे हे स्क्रिप्टला ठाऊक नसतं; दुसऱ्यांदा चालवली की दुसरं मशीन तयार. म्हणून कोडमधून मशीन उभी करणारं आणि काय उभं आहे याची नोंद (स्टेट) ठेवणारं टेराफॉर्म घेतलं, आणि २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर त्यातूनच निघालेलं ओपनटोफू. तो बदल सोपा होता. रिव्ह्यू शिकायला जास्त वेळ लागला.

पूर्वी आम्ही हे बदल साध्या कोडसारखेच तपासायचो: नावं बरी आहेत का, मांडणी नीट आहे का. इथे तेवढ्यानं भागत नाही. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मशीन ज्या साच्यातून बनतं त्या इमेजचा आयडी बदलला तर मशीन अपडेट होत नाही, ते पाडून नवं बांधलं जातं. म्हणून प्लॅन, म्हणजे नेमकं काय बदलेल याची ओपनटोफूनं आधीच काढलेली यादी, जोडला नसेल तर आम्ही बदल वाचायलाच घेत नाही. प्लॅनमध्ये अधिक म्हणजे नवं, नागमोडी रेघ म्हणजे आहे त्यातच बदल. वजा आणि अधिक जोडीनं दिसले, म्हणजे पाडून पुन्हा बांधणं, की थांबायचं, आणि ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ (‘यामुळे बदलावं लागेल’) नेमकं कशापुढे लिहिलंय ते शोधायचं. कधी कधी ते बदललेल्या ओळींत सापडतच नाही. ‘सर्वांत ताजी इमेज घे’ असं कोडमध्ये असेल, तर कुणी हात न लावताही प्लॅन मशीन पाडायला निघतो. इमेजचा आयडी ठरवून लिहावा.

सगळ्यात फसवा प्रकार काउंटचा, म्हणजे एकाच ब्लॉकमधून क्रमांकानं अनेक मशीन बनवण्याचा. यादीत तीन मशीन आहेत, क्रमांक ०, १ आणि २. मधलं नको म्हणून यादीतून त्याचं नाव काढलं. आता तिसरं नाव सरकून क्रमांक १ वर येतं आणि क्रमांक २ ‘नको’ ठरतो. परिणामी जे ठेवायचं होतं ते मशीन डेटासकट जातं, आणि जे काढायचं होतं ते या गेलेल्या मशीनच्या नावाची पाटी लावून चालू राहतं! उपाय फॉर-ईचचा, तिथे ओळख क्रमांकावर नसते, नावावर असते. पण जुना काउंट नुसता बदलून चालत नाही, सोबत जुन्या क्रमांकाचं मशीन आता कोणत्या नावाचं ते सांगणारे ‘मूव्ह्ड’ ब्लॉक लागतात. नाहीतर प्लॅन सगळीच मशीन पाडून पुन्हा बांधायला काढतो.

युजर डेटाचंही, म्हणजे मशीनला तयारीसाठी दिलेल्या स्क्रिप्टचंही, तसंच. मशीनमधलं क्लाउड-इनिट ती स्क्रिप्ट एरवी पहिल्या बूटलाच चालवतं. स्क्रिप्ट बदलली तर एडब्ल्यूएसवर मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं जातं, पण नवी स्क्रिप्ट चालत नाही. सेवा बंद पडली ती पडली, हाती काहीच नाही. स्क्रिप्ट खरंच चालायला हवी असेल, तर मशीन बदलायचं हे उघड लिहून मागावं.

‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’वर, म्हणजे पाडू न देणाऱ्या सेटिंगवर, फार विसंबू नये. कोडमधून त्या रिसोर्सचा (मशीनसारख्या वस्तूचा) अख्खा ब्लॉकच कुणी काढला, तर त्याच्यासोबत ही राखणही जाते. त्यात रूट (मुख्य) डिस्क एरवी मशीनबरोबरच पुसली जाते, म्हणून डेटा वेगळ्या डिस्कवर आहे ना, हे पाहतो.

‘आधी नवं बांध, मग जुनं पाड’ हा पर्याय सुरक्षित वाटतो, पण त्याला जागा लागते. /२८ च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या छोट्या तुकड्यात, १६ आयपी पत्ते असतात, त्यातले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं. उरले ११. सहा मशीन एकदम बदलायची झाली तर बारा पत्ते लागतात, आणि अप्लाय, म्हणजे प्लॅन लागू करणं, अर्ध्यावर अडकतं. आणि पोर्ट २२, म्हणजे दुरून मशीनमध्ये लॉगिन करायचा दरवाजा, सगळ्या जगाला उघडा दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही, बदल परत.

मंजुरी मिळते ती फाइलमध्ये जतन केलेल्या प्लॅनला, आणि अप्लायही तीच फाइल देऊन करायचं. एन्क्रिप्शन चालू नसेल तर त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे सापडू शकतात, म्हणून चर्चेला तिचं फक्त वाचनीय आउटपुट जोडायचं. मधल्या वेळात दुसरा बदल लागून स्टेट पुढे गेली असेल, तर ती फाइल शिळी म्हणून नाकारली जाते. मग नवा प्लॅन, आणि मंजुरीही नव्यानं.