सातच्या बातम्यांसाठी डिश

गणपतीला घरी पोचलो त्या रात्रीच अण्णांनी विषय काढला. "केबल बंद करून टाकली मी. सातच्या बातम्या तेवढ्या बघायच्या, त्यासाठी दर महिन्याला पैसे कशाला मोजायचे?" टीव्हीवर टॉवेल घालून ठेवलेला. कौलांवरचा जुना अँटेना अजून उभा आहे, तो जोडता येणार नाही का, असं त्यांचं म्हणणं. नाही येत. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद झाली. आता त्या काड्यांवर फक्त कावळे येतात.

म्हणून डीडी फ्री डिश आणायचं ठरलं. 2004 सालापासून ही सेवा चालू आहे, महिन्याचं भाडं नाही आणि सह्याद्री दिसते. रत्नागिरीहून डिश, एलएनबी (डिशसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा), एमपेग-4 सिग्नल वाचणारा सेट-टॉप बॉक्स आणि वीस मीटर केबल घेतली. दुकानदार म्हणाला, "फिटिंगला माणूस गौरी-गणपती झाल्यावरच मिळेल." मी मेकॅनिकल इंजिनिअर. गावाला तेवढं पुरतं.

पावसानं उघडीप दिली तशी न्हाणीघराच्या स्लॅबवर डिश ठोकली. पहिला धडा केबलच्या टोकालाच मिळाला. बॉक्स चालू करताच पडद्यावर शॉर्टची सूचना. केबल सोलताना जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटून राहिली होती. याच केबलमधून बॉक्स वर एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो, त्यामुळे तेवढी तारही महागात पडते. बॉक्स बंद करून टोक पुन्हा सोललं, कनेक्टर बसवला.

मग दिशा. शेजारच्या काकांकडे एका कंपनीची डिश आहे, तिच्याकडे बघून माझी लावली. तासभर काहीच नाही. नंतर लक्षात आलं की त्यांचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आणि फ्री डिशचा जीसॅट-15 तर 93.5 अंशांवर. आकाशात दहा अंशांचा फरक, पण आमच्या अंगणातून बघताना डिश वीसेक अंश पूर्वेकडे वळवावी लागते. म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी पाइपजवळ वेडंवाकडं फिरत होतं, म्हणून अंगणात दहा पावलं लांब उभं राहून दिशा घेतली आणि भिंतीवर कोळशानं खूण केली.

तरी पडद्यावरची क्वालिटीची पट्टी शून्यावर! सिग्नल स्ट्रेंग्थ मात्र ऐंशी टक्के, आणि त्या ऐंशीवर मी उगाच खूश होतो. एलएनबी नुसता जोडलेला असला तरी ती पट्टी वर जाते. खरी पट्टी क्वालिटीची. चूक होती तिरकेपणात. आमच्याकडून हा उपग्रह क्षितिजापासून साधारण 59 अंश उंच आहे, म्हणून मी डिश तेवढी उताणी केली होती. पण या डिशचा एलएनबी मधोमध नसतो, खालच्या बाजूला असतो. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणजे तिला बरीच उभी ठेवायला हवी होती.

लहानपणी अण्णा कौलांवर, आई खिडकीत आणि मी टीव्हीसमोर असायचो. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "कमी झाल्या!" मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, त्यावरून जवळ आलोय की लांब गेलोय ते कळायचं. डिजिटलमध्ये ती सोय नाही. येतं तेव्हा लख्ख, नाहीतर काळा पडदा. शिवाय बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि मी भराभर फिरवून नेमकी ती जागा ओलांडत होतो. शेवटी बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी 11090, लहरींची दिशा व्हर्टिकल म्हणजे उभी, आणि सिम्बॉल रेट 29500 एवढं भरून भाच्याला क्वालिटीच्या पट्टीसमोर बसवलं आणि डिश बोटभर हलवायची, पाच आकडे मोजायचे, पुन्हा बोटभर, असं सुरू केलं. आई खालून ओरडली, "अरे, चहाचं पाणी झालं!" तेवढ्यात भाचा किंचाळला, "मामा, बावीस!" मग एलएनबी पकडीत जरा पिळला, तर बावीसचे अडुसष्ट झाले. नट आवळताना पुन्हा पन्नासवर आले, ही वेगळी कटकट.

चॅनेल शोधून झाल्यावर सह्याद्री लागली. पण वारा सुटला की चित्राचे चौकोन पडायचे. आग्नेयेला आमचाच माड. झावळी आडवी आली की बातम्या देणाऱ्या बाई तोंड उघडं ठेवून थिजायच्या. डिश उखडून स्लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, आणि सगळं पहिल्यापासून. या खेपेला मात्र अर्ध्या तासात झालं.

सातला अण्णा चष्मा पुसून बसले. पाच-सात मिनिटं बघितलं असेल, आणि धो धो सर आली. पडदा काळा. मुसळधार पावसात या लहरी अडतात, हे मी त्यांना सांगू लागलो तर म्हणाले, "असू दे. सर गेली की येईल." थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले.

"उद्या कौलांवरनं तो अँटेना उतरव. पाइप चांगला आहे, पडवळाच्या मांडवाला होईल."