जायफळ किती, पाणी किती गरम

झोप येत नाही म्हटलं की घरातलं कुणीतरी जायफळाचं नाव काढतंच. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट असतो. किती घ्यायचं आणि किती वाजता, हे सांगायचं राहूनच जातं, आणि घरगुती उपाय फसतात ते बहुतेक वेळा इथेच. जायफळाआधी पायांकडे वळू, कारण घरातल्या सगळ्या उपायांत गरम पाण्यात पाय बुडवून बसणं हा सगळ्यांत भरवशाचा.

झोपेच्या सुमारास शरीराच्या आतलं तापमान हळूहळू उतरायला लागतं. ही उष्णता बाहेर पडते ती मोठ्या प्रमाणात तळहात आणि तळपायांतून. पाय गार पडलेले असले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसून राहतात आणि उष्णतेला वाट मिळत नाही. गरम पाण्याने त्या सैलावतात, तळवे लालसर होतात, आणि पाय बाहेर काढल्यावर अंग निवू लागतं. झोप आणतं ते हे निवणं. म्हणून पाय शेकून लगेच पांघरुणात शिरू नका; अंथरुणावर पडायच्या तासभर आधी हे उरकलेलं असावं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने, झोपेच्या एक-दोन तास आधी, दहा मिनिटं जरी अंघोळ केली तरी झोप लवकर लागते, असं त्यात दिसलं.

साध्या बादलीत दोन्ही पाय अवघडून बसतात. त्यापेक्षा पसरट टब किंवा घमेलं घ्या. पाणी घोट्याच्या वर चार बोटं यावं. पाणी पायाने पाहू नका, हाताच्या कोपराने पाहा: सुखद गरम वाटलं पाहिजे, चटका नको. पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. मध्ये पाणी निवलं तर पाय बाहेर काढून मगच तांब्याभर कढत पाणी ओता, हलवा, पुन्हा कोपराने पाहा. खडेमीठ टाकायचं तर टाका, पण परिणाम उष्णतेचा असतो, मिठाचा नाही. शेवटी बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या ठरलेल्या. मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर हा उपाय टाळलेलाच बरा. चटका बसलेला कळतही नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आणि मे महिन्यात, मुंबईच्या दमट हवेत, हा खटाटोप करायची गरज नाही. तेव्हा कोमट पाण्याने अंघोळ आणि डोक्यावर पंखा पुरे.

पाय कोरडे झाले की काशाची वाटी. एका तळपायाला अर्धा चमचा साजूक तूप किंवा खोबरेल तेल, आणि वाटीच्या बुडाने गोल गोल, टाचेकडून बोटांकडे, आठ-दहा मिनिटं. वाटी काशाचीच आहे ना, हे वाजवून कळतं: कासं घंटेसारखं बराच वेळ घुमतं. मसाज करताना तळवे काळपट होतात आणि 'अंगातली उष्णता निघाली' असं समाधान मिळतं. ते काळं म्हणजे उष्णता नव्हे. कासं हे तांबं आणि कथिल यांचं मिश्रण. घासताना धातूचे सूक्ष्म कण तुपा-तेलात आणि घामात मिसळून तो रंग येतो. एखाद्याचे पाय जास्त काळे झाले म्हणून त्याच्या अंगात उष्णता जास्त, असं काही नाही. मसाजचा गुण मात्र खरा आहे. स्नायू सैल होतात, आणि पंधरा-वीस मिनिटं हातात मोबाईल नसतो, हा फायदाही थोडाथोडका नाही. नंतर डाळीचं पीठ लावून तळवे पुसून घ्या आणि सुती मोजे घाला. तेलकट पायांनी फरशीवर चाललं की घसरायला होतं, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत ते खुब्याच्या हाडावर जातं.

आता जायफळ. एका माणसाला अर्धा कप, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास दूध पुरतं. मोठा पेला प्यायलात तर मध्यरात्री बाथरूमसाठी उठावं लागेल आणि मोडलेल्या झोपेचा दोष जायफळावर येईल. सहाणेवर दुधाचे दोन थेंब घेऊन जायफळाचे चार-पाच वेढे उगाळा आणि ते गंध कोमट दुधात कालवा. सहाण नसेल तर बारीक किसणीवर किसून छोटी चिमूट. पूड तळाशी बसते, म्हणून ढवळत प्या. दुधात घालून उकळत ठेवू नका, सुगंध उडून जातो. साखर नकोच, हवी तर एखादी वेलची.

जास्त घातलं म्हणजे जास्त झोप, असं इथे होत नाही. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. पाच ग्रॅमच्या घरात, म्हणजे जवळपास अख्खं जायफळ पोटात गेलं, तर मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड, भास होणं इथपर्यंत मजल जाते. त्यात परिणाम दिसायला काही तास लागतात, त्यामुळे 'काहीच होत नाही' म्हणून माणूस पुन्हा घेतो. गरोदरपणात आणि झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाळ रात्री झोपत नाही म्हणून गुटीत जायफळाचे वेढे वाढवणं तर सरळ धोक्याचं आहे. दुधाने आम्लपित्त होणाऱ्याने दूध सोडावं, काही बिघडत नाही. दुधातले झोप आणणारे घटक अर्ध्या कपात असतात तरी किती!

हे सगळं करून संध्याकाळी सहाचा चहा तसाच चालू असेल तर मात्र खर्च वाया. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहाचं अर्धं कॅफिन रात्री अकराला रक्तात फिरत असतं. दुपारचं झोपणंही तसंच. वामकुक्षी म्हणजे शब्दशः डाव्या कुशीवर पडणं. चारपर्यंत घोरणं तिच्यात कुठेही बसत नाही. वीस मिनिटं, तीही तीनच्या आत. आणि मद्याने डोळा लवकर लागतो, पण पहाटेच्या सुमारास झोप तुटते.

अंथरुणावर पडल्यावर श्वास चार अंक मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. छाती ताणून खोल श्वास घेऊ नका, त्याने चक्कर येते. लांबवायचा तो बाहेर सोडायचा श्वास. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आली की परत या. घड्याळ मात्र पाहू नका. सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा.

तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून तीन रात्री झोप होत नसेल, किंवा घोरता घोरता श्वास अडकतो असं शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल, तर वाटी-जायफळ बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पडल्यावर पायांत वळवळ होते, हलवल्याशिवाय चैन पडत नाही आणि चाललं की बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर शरीरातलं लोह कमी असू शकतं. विशेषतः बायकांनी 'पाय दुखतात' म्हणत चेपून घेण्यावर भागवू नये. फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी निघू शकतो. आणि तोवर न्याहारीला लागून घेतलेला चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.