किलोला किती?

मुंबईत उतरले की कुणीतरी विचारतंच, "तिकडे महिन्याचं वाणसामान कितीला पडतं गं?" मी युरोतला आकडा सांगते, समोरचा मनातल्या मनात त्याचे रुपये करतो आणि "बापरे!" म्हणतो. हिशेब बरोबर असतो, पण त्यातून हाती काही लागत नाही. पगार तिथला, घरभाडं तिथलं, मग साखरेचा भावही तिथलाच असणार. आकड्यापेक्षा जर्मनीत श्टुटगार्टला राहायला गेल्यापासून मी सामान कसं घेते, हे सांगण्याजोगं आहे. यंदा मुलुंडला ताईकडे राहिले आणि तिचं महिन्याचं सामान दोघींनी मिळून भरलं. तिथल्या सवयी इथे कितपत चालतात ते तेव्हा नीट बघता आलं.

श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. त्या भागातले श्वाबन लोक अख्ख्या जर्मनीत काटकसरी म्हणून ओळखले जातात, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. ते पैसे खर्च करतात, पण कशाचे देतोय हे बघून.

जर्मनीत एमआरपी हा प्रकार नाही. पाकिटावर किंमत छापलेली नसते, दुकानदार ती ठरवतो. त्यामुळे तेच कॉफीचं पाकीट तीन दुकानांत तीन भावांना मिळू शकतं. मात्र फळीवर वस्तूखाली जी चिठ्ठी असते, तिच्यावर मोठ्या आकड्यात किंमत आणि खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा दर लिहावाच लागतो, तसा कायदा आहे. पूर्वी लहान पाकिटांना शंभर ग्रॅमचा दर चालायचा. २०२२ पासून सगळ्याला किलो किंवा लिटर हेच माप. मी आता आधी तो बारीक आकडाच वाचते. 'फॅमिली पॅक' म्हणून मिरवणारं मोठं पाकीट किलोमागे लहानापेक्षा महाग पडतं, हे तिथे कितीतरी वेळा दिसतं आणि इथेही दिसतं.

ताई म्हणाली, "आपल्याकडे असं कुठे काय?" आहे ना! आपल्याकडेही २०२२ मध्येच नियम बदलले. आधी चहा, बिस्किटं, तेल असल्या वस्तू ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. ते बंधन गेलं आणि त्याच्या बदल्यात पाकिटावर एककाचा दर, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती, हे छापणं आलं. ताईच्या कपाटातली पाकिटं काढून आम्ही तो शोधत बसलो. एमआरपीच्या आसपासच असतो, पण इतका बारीक की भावोजींचा चष्मा मागून आणावा लागला.

तो वाचताना एक लक्षात ठेवा. माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमचा असतो, जास्त असेल तर किलोचा. म्हणजे एका पाकिटावर '०.४५ रुपये ग्रॅमला' आणि शेजारच्यावर '४३० रुपये किलोला', असे दोन वेगळे आकडे दिसतात. ग्रॅमच्या दराला हजाराने गुणलं की ४५० रुपये किलो, मग तुलना जमते. शिवाय हा आकडा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंतच छापतात, त्यामुळे स्वस्त वस्तूंना तो फारसा उपयोगी पडत नाही. समजा, अर्धा किलो पोहे एकाचे ३८ रुपयांना आणि दुसऱ्याचे ४२ ला आहेत. दोन्हींवर ०.०८ छापलेलं असेल, पण किलोमागे आठ रुपयांचा फरक आहे. पोहे, रवा, पीठ यांचा हिशेब आपला आपण करावा. आणि छापलेला दर एमआरपीवरचा असतो. दुकानात सूट असेल तर तो बदललाच.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही तेलावर घालवला, कारण गोंधळ तिथेच सर्वांत मोठा आहे. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. ठरावीक मापाचं बंधन गेल्यापासून आठशे, साडेआठशे ग्रॅमच्या पिशव्या लिटरच्या पिशवीशेजारी तशाच उभ्या असतात, आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. समजा, ८५० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आहे आणि लिटरची १४८ ला. हात आपसूक १४० कडे जातो. पण पहिलीचा किलोचा दर १६४ रुपयांच्या वर जातो, तर दुसरीचा १६३ च्या आत राहतो. आठ रुपयांनी महाग दिसणारी पिशवी खरी स्वस्त! तेल घेताना लिटर सोडा, ग्रॅम वाचा, असं मी आता सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटले आहे.

दुकानाची निवड हा त्यानंतरचा प्रश्न. आल्डीसारख्या जर्मन दुकानात मोजकाच माल असतो, पुष्कळसा दुकानाच्या स्वतःच्या छापाचा, आणि तो पुठ्ठ्याच्या खोक्यांतच फळीवर ठेवलेला. सजावटीचा खर्च नाही, की मांडायला माणसं फार लागत नाहीत. २००२ साली पवईत सुरू झालेल्या डीमार्टची धाटणी मला त्याच्या जवळची वाटते. दुकानाच्या छापाचा माल घ्यायचा तर एकेक वस्तू आजमावून घ्यावी: मीठ, साखर, डाळी, फरशी पुसायचं द्रावण. चहाच्या बाबतीत मी तडजोड करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. भाज्यांसाठी मात्र दादरचा बाजारच. संध्याकाळी उशिरा टोमॅटो-लिंबांचे वाटे स्वस्त होतात, तसंच श्टुटगार्टच्या बेकरीत कालचा पाव कमी पैशांत मिळतो, आणि तो उत्तम असतो.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण त्यानेच घरात यादी लिहिली जाते. शनिवारी जे आणलं, त्यावर सोमवारपर्यंत निभवायचं. ताईकडे अगदी उलट चित्र आहे. कोथिंबीर संपली की फोन, दही संपलं की फोन, दहा मिनिटांत मुलगा दारात. मोठ्या रकमेची सवलत गाठायला जोडीला एखादं चिप्सचं पाकीट टाकलं जातं, नाहीतर पोचवण्याचा आकार भरावा लागतो. आमच्याकडे बर्लिनमध्ये २०२० साली सुरू झालेली गोरिलाज नावाची कंपनी असंच मिनिटांत सामान पोचवायची. ती २०२२ मध्ये गेटीर या तुर्की कंपनीने घेतली, आणि गेटीरने २०२४ मध्ये जर्मनीतून गाशा गुंडाळला. त्यामुळे माझी या सेवेची सवय लागण्याआधीच सुटली, आणि खर्चाच्या दृष्टीने ते बरंच झालं. ताईला मी एवढंच सुचवलं की फ्रिजवर कागद लाव, संपलेलं त्यावर लिही आणि आठवड्यातून एकदाच मागव. औषध किंवा बाळाचं दूध अडलं तर गोष्ट वेगळी.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. श्टुटगार्टमध्ये मसूर, छोले, कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या मी तुर्की दुकानातून घेते. तूरडाळ, पोहे आणि तांदूळ भारतीय दुकानातून मोठ्या पोत्यात, पण एकटीसाठी नाही. आम्ही मराठी कुटुंबं मिळून मागवतो आणि एकीच्या स्वयंपाकघरात वाटून घेतो. लहान पाकिटांपेक्षा ते किलोमागे ठळकपणे स्वस्त पडतं. ही अक्कल मला जर्मनीने दिलेली नाही, ती आईकडून आली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आई होती. महिन्याची यादी भरायची, सगळ्यांचा माल एका घरी उतरायचा, बायका मिळून तो ज्याचा त्याचा लावायच्या. मालाला खोट असली तर बोलायला पंधरा तोंडं असायची, हा फायदा तर पैशात मोजताच येत नाही. त्याही आधी, १९४८ साली, नायगावात गिरणी कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला होता. एकत्र खरेदी करणं या शहराला नवीन नाही.

ताईच्या मजल्यावरच्या चार घरांनी तांदूळ आणि तूरडाळ यंदा एकत्र घ्यायची ठरवलीय. वजनकाटा शेजारच्या काकूंकडे आहे, हिशेबाची वही भावोजी ठेवणार आहेत. तेल त्यात घ्यायचं की नाही, यावर अजून चर्चा चालू आहे, कारण एका घरी शेंगदाण्याचं लागतं आणि दुसऱ्या घरी सूर्यफुलाचं. तुमच्या इमारतीत असा संघ चालू असेल, तर तेलाचं तुम्ही कसं जमवता ते मला जरूर कळवा. ताई वाट बघतेय.